पडद्यावर काही उमटत नाही

गोळीबार चौकातल्या विणकर पतसंस्थेत
दुपारी अडीचला कूलर पाणी मागतो
आणि दुर्गाजी हेडाऊ मला हाक मारतात,
"मॅडम, कीबोर्ड मेला वाटते."

मेला नाही.
काळ्या पडद्यावर 'पासवर्ड' एवढं लिहून
कर्सर जागच्या जागी लुकलुकतोय.
ते दाबतात, तो घेतो, दाखवत नाही.
एवढंच तर मी त्याला शिकवलं, दोन रात्री घालवून.

"मंग समजन कसं, बटन लागली का नाही?"
हिशेबाला बसायच्या आधी वीस वर्षं
हातमागावर बसलेला माणूस.
धोटा फेकला की धागा दिसतो,
दिसला नाही म्हणजे तुटला.
त्यांनी पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं, जोर लावून,
आणि अर्थात चुकलं.

चांदण्या लावून देते, मी म्हटलं,
एका अक्षराला एक.
"हां, मोजता तरी येते."
मोजता येतं हेच तर नको होतं मला.
पाठीमागे पासबुक घेऊन उभा असलेलाही मोजतो.
पण बोटांना भरवसा लागतो, साठीनंतर जास्तच.

आता आतली गोष्ट.
मी ज्या खिडकीत प्रोग्राम लिहिते
तिथे खरा कन्सोल नसतोच.
मागितला की हातावर 'नल' ठेवतात.
म्हणून मी एक चोरवाट काढली होती:
खरा पडदा मिळाला तर झाकून घे,
नाही मिळाला तर उघड्यावर वाच.
वर शेरा, फक्त डेव्हलपमेंटपुरतं.
असले शेरे मी तरी कधी नंतर काढलेत?
माझा चाचणीचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार,
त्याला कसली लाज.

मंगळवारी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.
"काका, काहीही टाका, चांदण्या बघू."
त्यांनी काहीही टाकलं नाही.
रोजचंच टाकलं,
एका बोटाने, चष्मा कपाळावर.
चोरवाट चालू राहिली होती.
सहा इंग्रजी अक्षरं, पांढरीशुभ्र,
एकामागून एक येऊन उभी राहिली.
मुलीचं नाव.

ते इथे लिहीत नाही.
\*\*\*\*\*\* समजा.

सभासदांची यादी मीच भरली होती एप्रिलात.
हेडाऊ, दुर्गाजी. वारस: दोन. दोन्ही मुलगे.
मी एंटर दाबायला हात पुढे केला
तर त्यांनी माझं मनगट अलगद बाजूला सारलं
आणि ते वाचलं. बराच वेळ वाचलं.
लिहिलेलं ते नाव त्यांनी
कधीचं पाहिलंच नसावं.
मग खसच्या ताटीकडे बघत म्हणाले,
"घरी घेत नाही हे नाव कोनी. अकरा वर्स झाले.
म्या इथंच घेतो. दहा वाजता."
आणि जरा वेळाने,
"पुसा आता."

पुसलं.
चोरवाट काढली, शेऱ्यासकट.
आता पासवर्ड वाचून झाला की
तो ज्या रांगेत ठेवला त्या रांगेवर
एकेक करून शून्यं फिरतात,
म्हणजे मेमरीतही काही उरू नये.
मेमरीत, म्हणजे मशीनच्या.

गुरुवारी नवा प्रोग्राम त्यांच्या टेबलावर चढवला.
चांदण्या नकोत म्हणाले, आपणहून.
"दिसत नाही तेच बरं हाय."

दहाला ते आले, स्टूल ओढलं.
कर्सर हलला नाही, पडदा काळाचा काळा.
मागे रांगेत बारापात्रे, निखारे, दूधवाला एकजण,
कुणाला काही दिसलं नाही.
मी काउंटरच्या या बाजूला,
वायर गुंडाळत.
त्यांचे ओठ हलत होते.

प्रत्येक अक्षराला. सहा वेळा.
त्याला बंद करायची आज्ञा
माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही,
असती तरी.
कूलरमध्ये पाणी टाकायला मी उठले.